वंशावळीतून जनुकाचा पत्ता काढणारे हॉल्डेन

पहिल्या महायुद्धाच्या काळात नाशिकजवळचा देवळाली कॅम्प जखमी सैनिकांनी भरलेला असे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जखमी झालेले ब्रिटिश सैनिक बोटीने मुंबईला उतरत आणि त्यांच्यापैकी अनेक जण रेल्वेने कसारा घाट चढून देवळालीच्या लष्करी रुग्णालयात येत. १९१७ मध्ये त्याच आघाडीवर जखमी झालेला चोवीस वर्षांचा एक अधिकारी असाच उपचारांसाठी भारतात पाठवला गेला. तो डॉक्टर नव्हता आणि त्याच्याकडे विज्ञानाची पदवीही नव्हती. पण आनुवंशिक आजारामागचे जनुक कुठल्या गुणसूत्रावर, कुठल्या जागी आहे हे शोधण्याचा जो हिशेब आज जगभर वापरला जातो, त्याचा पाया घालणाऱ्यांत त्याचे नाव फार वर आहे. जॉन बर्डन सँडर्सन हॉल्डेन हे त्याचे पूर्ण नाव. सगळे जग त्यांना जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून ओळखते.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनावर काम करणारे नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ. खाणीतल्या विषारी वायूंचा अभ्यास ते स्वतः खाणीत उतरून करत आणि लहानग्या मुलालाही बरोबर नेत. एकदा त्यांनी त्याला मिथेन साचलेल्या जागी उभे करून शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला लावले. थोड्याच वेळात मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगत मात्र त्याला नीट श्वास घेता येऊ लागला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो आणि वर साचतो, हा धडा तो जन्मभर विसरला नाही. शास्त्रातली गोष्ट आधी स्वतःवर करून पाहायची, ही सवय त्याला घरातच लागली.

आठ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांवरील एका व्याख्यानाला नेले. त्या वेळी हे नियम पुन्हा उजेडात येऊन जेमतेम वर्ष झाले होते. पुढे शाळकरी वयात त्याने धाकटी बहीण नाओमी हिच्यासह घरी गिनीपिग आणि उंदीर पाळून त्यांच्या पिढ्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. ईटन शाळेनंतर ऑक्सफर्ड विद्यापीठात त्याने आधी गणित आणि मग ग्रीक-लॅटिन व तत्त्वज्ञान हे विषय घेतले. त्याचे औपचारिक शिक्षण एवढेच.

एकत्र जाणारी लक्षणे

उंदरांच्या नोंदी पाहताना हॉल्डेन यांच्या लक्षात एक गोष्ट आली. डोळ्यांचा गुलाबी रंग आणि अंगाचा पांढरेपणा ही दोन लक्षणे पुढच्या पिढीत स्वतंत्रपणे वाटली जात नव्हती. ती बरोबरच जाण्याकडे कल दिसत होता. माश्यांमध्ये आणि वनस्पतींमध्ये असे आढळले होते, पण सस्तन प्राण्यात ते प्रथमच दिसत होते. नाओमी आणि ए. डी. स्प्रंट या मित्रासह केलेले हे काम १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर युद्ध पेटले होते. स्प्रंट लढाईत मारले गेले होते आणि हॉल्डेन स्वतः फ्रान्सच्या आघाडीवर होते. त्याच वर्षी जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला, तेव्हा वडिलांनी त्यांना मुखवट्यांच्या चाचणीसाठी आघाडीवरून बोलावून घेतले. वायूने भरलेल्या खोलीत बसण्याचे काम या पितापुत्रांनी स्वतः केले. त्यानंतर हॉल्डेन खंदकात परतले आणि जखमी झाले. बरे झाल्यावर मेसोपोटेमियात गेले आणि तिथेही जखमी होऊन भारतात आले.

दोन लक्षणे बरोबर का जातात, हे समजण्यासाठी पत्त्यांचा कॅट डोळ्यांसमोर आणावा. कॅट एकदाच कुठेही काटला, तर एकमेकांना चिकटून असलेली दोन पाने वेगळी होण्याची शक्यता फार कमी असते. एक पान वर आणि दुसरे तळाशी असेल, तर ती बहुधा वेगळी होतात. जनुकांचेही काहीसे असेच असते. प्रत्येक गुणसूत्रावर जनुके एकामागोमाग एक मांडलेली असतात. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना जोडीतली दोन गुणसूत्रे आपसात तुकड्यांची अदलाबदल करतात. जवळजवळ असलेली जनुके या अदलाबदलीत बहुधा एकाच तुकड्यावर राहतात, लांबची वेगळी होतात. या बरोबर जाण्याला आनुवंशिकीत सहलग्नता म्हणतात. शंभर अपत्यांत किती वेळा जोडी फुटली हे मोजले की दोन जनुकांमधले अंतर कळते. शंभरात एकदा फुटली तर ते अंतर एक सेंटिमॉर्गन. माशीवर काम करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ मॉर्गन यांच्या नावाचे हे एकक हॉल्डेन यांनीच रूढ केले. अंतर मोठे असेल तर मध्ये दोनदा अदलाबदल होऊन जोडी पुन्हा जुळते आणि मोजणी फसते. ही चूक दुरुस्त करणारे सूत्र त्यांनी युद्धावरून परतल्यावर, १९१९ मध्ये मांडले. ते आजही वापरले जाते.

माणसात हे मोजणे मात्र अवघड होते. उंदरांचे हवे तसे संकर करता येतात आणि काही महिन्यांत नातवंडे-पतवंडे दिसतात. माणसाची एक पिढी पंचवीस-तीस वर्षांची, मुले थोडी आणि लग्ने संशोधकाच्या सोयीने होत नाहीत. माणसाच्या बाबतीत संशोधकाच्या हाती येते ती फक्त वंशावळ. कुणाला आजार होता, कुणाला नव्हता, कोण कुणाचा मुलगा, इतकेच.

हिमोफिलिया आणि रंगांधळेपणा

हॉल्डेन १९२३ पासून केंब्रिजला जीवरसायनशास्त्र शिकवत होते आणि १९३३ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले. तिथल्या गॅल्टन प्रयोगशाळेत डॉ. जूलिया बेल या अनेक वर्षे आनुवंशिक आजारांच्या वंशावळी गोळा करून छापत होत्या. बेल मूळच्या गणिताच्या. केंब्रिजमध्ये त्या गणित शिकल्या, पण तेव्हा ते विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. पुढे आजारांवरचे काम नीट करता यावे म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. रंगांधळेपणाच्या घराण्यांची मोठी नोंद त्यांनीच तयार केली होती.

हिमोफिलियात रक्त गोठवणारा एक घटक कमी असतो. बारीक जखमेतूनही रक्त थांबत नाही आणि मुका मार लागला तरी सांध्यात रक्तस्राव होऊन गुडघे-कोपरे आखडतात. हा आजार प्रामुख्याने मुलांना होतो आणि तो आईकडून येतो. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीमध्ये दोन एक्स असल्याने एक सदोष असला तरी दुसरा बहुधा काम भागवतो, म्हणून ती वाहक असते. मुलाला आईकडून एकच एक्स मिळतो. तो सदोष निघाला तर आजार ठरलेला. लाल-हिरव्या रंगांतला फरक न कळण्याचा दोषही असाच एक्स गुणसूत्रावरून येतो.

मग एकाच घराण्यात दोन्ही दोष असतील तर काय दिसेल, हा प्रश्न बेल आणि हॉल्डेन यांनी घेतला. समजा, एका वाहक आईच्या वडिलांना हिमोफिलियाही होता आणि ते रंगांधळेही होते. वडील आपला एकुलता एक एक्स मुलीला जवळजवळ जसाच्या तसा देतात. त्यामुळे या बाईच्या एका एक्सवर दोन्ही दोष आहेत आणि दुसरा निर्दोष आहे, हे पक्के कळते. आता तिच्या मुलांपैकी कुणाला दोन्ही दोष मिळतील, कुणाला एकही नाही. एखाद्याला फक्त हिमोफिलिया किंवा फक्त रंगांधळेपणा असेल, तर जोडी फुटली असे समजायचे. दोन्ही जनुके लांब असती तर निम्म्या मुलांत जोडी फुटलेली दिसली असती.

असल्या वंशावळी मिळणे हीच अडचण होती. हिमोफिलियाच्या रुग्णाला रंग ओळखता येतात का, हे बहुतेक डॉक्टरांनी विचारलेलेच नसे. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घराणी हाती आली. १९३७ मध्ये बेल आणि हॉल्डेन यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. जोडी क्वचितच फुटत होती, शंभरात सुमारे पाच वेळा. माणसातल्या दोन आजारांची जनुके एकाच गुणसूत्रावर शेजारी आहेत, हे इतक्या नेमकेपणाने प्रथमच दाखवले गेले. त्यासाठी सूक्ष्मदर्शक किंवा रसायने लागली नव्हती. वंशावळी, कागद, पेन्सिल आणि संभाव्यतेचे गणित एवढ्यावर काम झाले होते.

१९४७ मध्ये सेड्रिक स्मिथ यांच्यासह अधिक घराणी घेऊन हॉल्डेन यांनी हिशेब पुन्हा केला, तेव्हा आकडा दहाच्या आसपास आला. हा फरक का पडला, ते पुढे उलगडले. हिमोफिलिया एक नसून दोन आहेत, हे १९५२ मध्ये स्पष्ट झाले. ए प्रकारात घटक आठ कमी असतो, बी प्रकारात घटक नऊ. घटक आठचे जनुक रंगदृष्टीच्या जनुकांना अगदी लागून आहे, घटक नऊचे बरेच दूर आहे. दोन आजारांची घराणी एकाच यादीत मिसळली गेल्याने मोजणी सैल होत होती. रोगनिदान चुकले की जनुकाचा पत्ताही चुकतो, हे यातून संशोधकांना कळले.

हॉल्डेन यांच्याही चुका झाल्या. १९३६ मध्ये त्यांनी आणखी काही आजारांची जनुके एक्स आणि वाय या दोघांच्या सामाईक भागावर असल्याचे मांडले होते, ते पुढे टिकले नाही. राजकारणातही त्यांची एक बाजू दुबळी राहिली. ते कम्युनिस्ट होते आणि कामगारांच्या दैनिकात सामान्य वाचकांसाठी विज्ञानावर शेकडो लेख त्यांनी लिहिले. पण सोव्हिएत रशियात लायसेन्को यांनी आनुवंशिकीच दडपली, तेव्हा स्वतः आनुवंशिकीचे जाणकार असूनही त्यांनी स्पष्ट विरोध करायला फार उशीर लावला.

दोष आईचा नव्हे

हॉल्डेन यांच्या कामाचा एक भाग रुग्णांच्या घरच्यांसाठी फार मोलाचा आहे. त्या काळी हिमोफिलियाचे बहुतेक मुलगे लग्नाच्या वयापर्यंत जगत नसत. म्हणजे प्रत्येक पिढीत या सदोष जनुकांचा काही भाग रुग्णाबरोबर नाहीसा व्हायला हवा. एक्स गुणसूत्रांपैकी दोन तृतीयांश स्त्रियांकडे आणि एक तृतीयांश पुरुषांकडे असतात. म्हणून दर पिढीत जवळजवळ एक तृतीयांश सदोष जनुके नष्ट होतात. तरीही आजार समाजातून कमी होत नाही. याचा अर्थ तेवढीच सदोष जनुके दर पिढीत नव्याने तयार होतात. या तर्कावरून त्यांनी १९३५ मध्ये माणसातल्या एका जनुकात आपोआप बदल होण्याचा वेग काढला. तो दर पिढीत पन्नास हजारांत एक इतका येतो. पुढे १९४७ मध्ये त्यांनी दाखवले की असा बदल स्त्रीपेक्षा पुरुषाच्या बीजपेशीत जास्त वेळा होतो.

घरात पूर्वी कुणालाच हिमोफिलिया नसताना मुलाला तो निघाला, की आपल्याकडे पहिले बोट सुनेकडे जाते. तिच्या माहेरचे काही लपवले गेले, असा संशय घेतला जातो. हॉल्डेन यांचा हिशेब सांगतो, की दर तीन सदोष जनुकांमागे साधारण एक नव्याने झालेल्या बदलाचे असते आणि तो बदल अनेकदा मुलाच्या आईच्या वडिलांच्या शुक्राणूत झालेला असतो. त्यात कुणाची चूक नसते आणि त्याचा कुणाला पत्ताही नसतो. याच कारणामुळे रुग्णांची सक्तीने नसबंदी करून आजार संपवण्याच्या कल्पनेला त्यांचा ठाम विरोध होता. जर्मनीत १९३३ मध्ये तसा कायदा झाला होता. जनुकात नवे बदल होतच राहतात, तेव्हा असल्या कायद्यातून अन्यायाखेरीज फार काही साधत नाही, हे त्यांनी गणिताने दाखवले.

१९३७ च्या शोधनिबंधाच्या अखेरीस बेल आणि हॉल्डेन यांनी एक शक्यता मांडली होती. हंटिंग्टन हा मेंदूचा असाध्य आजार चाळिशीच्या आसपास सुरू होतो, तोवर रुग्णाला मुलेबाळे झालेली असतात. त्याचे जनुक एखाद्या रक्तगटाच्या जनुकाशेजारी सापडले, तर मुलांपैकी कुणाला तो होणार हे आधीच सांगता येईल, असा तो विचार होता. रक्तगटाची खूण तिथे नव्हती. पण १९५५ मध्ये अमेरिकेतील न्यूटन मॉर्टन यांनी सहलग्नतेचा पुरावा मोजण्याची सोपी पद्धत दिली. सहलग्नता असण्याच्या बाजूने हजारास एक इतके पारडे जड झाले तरच ती मानायची, असा दंडक त्यातून पडला. १९८० मध्ये डीएनएतले किरकोळ, निरुपद्रवी फरकच खुणा म्हणून वापरण्याची कल्पना पुढे आली. आता दर गुणसूत्रावर हव्या तितक्या खुणा मिळू लागल्या. १९८३ मध्ये व्हेनेझुएलातील एका मोठ्या घराण्याच्या मदतीने हंटिंग्टनचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे कळले आणि १९९३ मध्ये ते प्रत्यक्ष सापडले.

भारतातील वर्षे

हॉल्डेन १९५७ मध्ये पत्नी डॉ. हेलन स्पर्वे यांच्यासह भारतात आले, ते कायमचे. पहिल्या महायुद्धातल्या मुक्कामातच त्यांना इथल्या ब्रिटिश राजवटीतला भेदभाव खटकला होता आणि बरोबरीच्या नात्याने राहता येईल तेव्हाच परत यायचे, असे त्यांनी ठरवले होते. सुएझवरच्या ब्रिटिश हल्ल्याच्या निषेधाचे कारणही त्यांनी देश सोडताना दिले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ते रुजू झाले. धोतर-कुडता घालू लागले, शाकाहारी झाले आणि भारताचे नागरिकत्व घेतले. महागड्या उपकरणांवाचूनही चांगले विज्ञान होते, हे त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवले. कुणी फुलांच्या पाकळ्या मोजल्या, तर कुणी नारळाच्या झाडाची पाने डावीकडे वळतात की उजवीकडे याची नोंद केली. सुरेश जयकर हे त्यांच्या तरुण सहकाऱ्यांपैकी एक. त्यांनी पुढे १९७० मध्ये, उंचीसारख्या मोजता येणाऱ्या गुणांमागची जनुके सहलग्नतेने कशी शोधावीत यावर महत्त्वाचे काम केले.

दक्षिण भारतातल्या नात्यातल्या लग्नांचा अभ्यास व्हावा, असा हॉल्डेन यांचा आग्रह होता आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आंध्रात तो सुरू केला. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातही अनेक समाजांत होते. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता सोळात एक असते. म्हणून दोन्ही प्रती बिघडल्या तरच होणारे दुर्मीळ आजार अशा घरांत जास्त दिसतात. आजार शोधणाऱ्याला यातूनच वाट मिळते. रुग्ण भावंडांच्या डीएनएत जो पट्टा दोन्ही गुणसूत्रांवर अगदी सारखा असतो, त्याच पट्ट्यात सदोष जनुक असण्याची शक्यता मोठी. सेड्रिक स्मिथ यांनी १९५३ मध्ये सुचवलेली ही कल्पना १९८७ नंतर प्रत्यक्षात आली आणि तिने असंख्य दुर्मीळ आजारांची जनुके सापडली.

मतभेद झाल्याने हॉल्डेन यांनी १९६१ मध्ये कोलकात्याची संस्था सोडली आणि १९६२ मध्ये ओडिशा सरकारच्या निमंत्रणावरून भुवनेश्वरला आनुवंशिकीची प्रयोगशाळा उभारली. पण वेळ थोडा उरला होता. त्यांना गुदाशयाचा कर्करोग झाला. लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयातल्या खाटेवर त्यांनी कर्करोगावर एक विनोदी कविता लिहिली. लोकांनी भीती न बाळगता लवकर डॉक्टरकडे जावे, हा त्यामागचा हेतू होता. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह काकिनाडा येथील रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

ज्या वर्षी हॉल्डेन भारतात आले, त्याच १९५७ मध्ये मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले. आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरशास्त्र संस्था ती हीच. घटक आठचे जनुक १९८४ मध्ये वेगळे काढता आल्यानंतर या संस्थेने हिमोफिलियाच्या घराण्यांत वाहक स्त्रिया ओळखण्यासाठी सहलग्नतेचीच पद्धत वापरली. रंगांधळेपणाच्या जागी आता जनुकातल्याच डीएनएच्या खुणा आल्या, इतकाच फरक. आजारी भावाच्या एक्सवर जी खूण आहे तीच बहिणीला आईकडून मिळाली असेल, तर ती बहुधा वाहक. दुसरी खूण मिळाली असेल तर ती बहुधा सुटली. अशा वाहक स्त्रीच्या गर्भाची तपासणी तिसऱ्या महिन्यातच करता येते. पुढे जनुकातला प्रत्यक्ष बिघाड शोधणे शक्य झाले. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्यांपैकी निम्म्याच्या जवळपास रुग्णांत जनुकाचा एक ठरावीक भाग उलटा झालेला असतो, तो थेट पाहता येतो. बिघाड सापडत नाही त्या घराण्यांत मात्र खुणांचाच आधार घ्यावा लागतो. आणि त्यासाठी आजारी मुलाचे, आईचे व शक्य असेल तर आईच्या वडिलांचे रक्त लागते. आजारी भाऊ दगावल्यानंतर बहीण तपासणीला आली आणि त्याचा नमुना ठेवलेलाच नसला, तर उत्तर देणे कठीण होते.

म्हणून हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, स्नायूंचे आजार किंवा जन्मजात बहिरेपणा घरात असेल, तर तीन पिढ्यांची वंशावळ एका वहीत लिहून ठेवावी. कोण कुणाचे, कुणाला काय झाले, कितव्या वर्षी झाले, कोण लहानपणीच गेले, नात्यात लग्न झाले होते का, हे आजी-आजोबा हयात आहेत तोवर विचारून घ्यावे. दात काढल्यावर कुणाचे रक्त दिवसभर थांबले नव्हते, हेही नोंदवावे. मुलीचे लग्न ठरण्यापूर्वी किंवा दिवस राहण्यापूर्वी ही वही आनुवंशिकी तज्ज्ञाला दाखवावी आणि आजारी भावाच्या डीएनएचा नमुना वेळेत जपून ठेवायला सांगावे. रुग्णालयाच्या केसपेपरवर कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात काही विशेष नाही असे लिहून पुढे जाणे सोपे असते. बेल आणि हॉल्डेन यांना हिमोफिलिया आणि रंगांधळेपणा यांची जोडी सापडली, ती ज्या थोड्या डॉक्टरांनी हा रकाना भरताना एक जादा प्रश्न विचारला होता, त्यांच्यामुळे.